साधी माणसं सुपरहिरो होतात त्या नाटकात किडनीवालीला कुठली शक्ती द्यावी?

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. विषय सिनेमाचा आहे, पण अडले आहे ती माझ्या एकांकिकेपाशी. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या महिन्यात भाच्याने घरी 'हाय-फाइव्ह' हा कोरियन सिनेमा लावला. 2025 चा, दिग्दर्शक कांग ह्योंग-चोल. मारामारी आणि विनोद दोन्ही भरपूर. गोष्ट अशी की अफाट शक्ती असलेला एक माणूस मरतो आणि त्याचे अवयव सहा जणांना मिळतात. तायक्वांदो शिकवणाऱ्या बापाच्या मुलीला हृदय मिळतं, ती वाऱ्यासारखी धावायला लागते. पटकथा लिहू पाहणाऱ्या एकाला फुप्फुसं मिळतात, त्याने फुंकर मारली की समोरचा उडून जातो. कारखान्यातल्या मुकादमाला यकृत मिळतं, त्याचा हात लागला की जखम भरते. डोळ्यांचे कॉर्निया मिळालेला बेकार तरुण हवेतल्या मोबाइल-रेडिओच्या लहरी बोटांनी वळवतो. सहावा, स्वादुपिंड मिळालेला, एका पंथाचा म्हातारा गुरू. तो तरुण होतो आणि त्याला बाकीच्यांचंही सगळं हवं असतं.

पाचवी आहे किडनी मिळालेली बाई. घरोघरी दह्याचं पेय पोचवते. तिच्या त्या विजेवरच्या छोट्या गाडीवरून जो पाठलाग होतो, तो बघून भाचा गादीवर लोळत होता. मीही पोट धरून हसले. पण त्या बाईला आपली शक्ती कुठली तेच कळत नाही. बाकीचे आपापलं करून दाखवतात आणि ती बघत राहते. (शेवट सांगत नाही, ज्यांना बघायचाय त्यांनी बघा.) तिथे माझं हसू थांबलं. मला किडनी बसून तीन वर्षं झाली.

त्याआधी सव्वादोन वर्षं डायलिसिस. आठवड्यातून तीन दिवस, चार चार तास. दिवसाचं पाणी मोजून, स्टीलच्या त्या लहान पेल्याने, औषधाच्या गोळ्यांसकट. डाव्या मनगटापाशी फिस्टुला आहे, डायलिसिसच्या सुयांसाठी धमनी आणि शीर जोडलेली. तिथे बोट ठेवलं की आत सारखी घरघर जाणवते. भाचा तेव्हा पहिलीत होता. त्याने एकदा कान लावला आणि म्हणाला, "मावशी, तुझ्या हातात मिक्सर चालू आहे." तो आवाज अजून आहे. रात्री हात उशीखाली गेला की ऐकू येतो.

मग एका रात्री दीड वाजता फोन आला, किडनी आहे, निघा. कुणाची ते सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण त्या माणसाची दुसरी किडनीही कुणाला तरी बसली असणार. यकृत कुणाला तरी. सिनेमात ती माणसं अंगावरच्या खुणेवरून एकमेकांना शोधून काढतात. ते बघताना घशात आवंढा आला. कुठेतरी कुणीतरी सकाळी आठला आणि रात्री आठला माझ्यासारखीच, मिळालेला अवयव टिकवायची गोळी घेत असेल, एवढंच मला ठाऊक आहे.

आता प्रश्न. आमच्या गावच्या जत्रेला मार्गशीर्षात मराठी नाटक असतं. यंदा मुख्य नाटकाआधी पन्नास मिनिटं मला दिली आहेत. मला अशीच हसवणारी, मारामारीची, गावातल्या माणसांची गोष्ट करायची आहे. एक पोदेर म्हणजे आमच्याकडचा पाववाला, एक फेरीबोटीवरचा खलाशी, पंचायतीतली एक कारकून आणि बालवाडीची एक बाई. बालवाडीच्या बाईला किडनी. सिनेमाची नक्कल करायची नाही. पोदेराला फुप्फुसं देऊन त्याचा भोंपू गावभर वाजवावा असं पहिल्यांदा मनात आलं, पण फुंकर तिथे आधीच वापरून झाली आहे.

बाकी तिघांचं जमेल. हिला काय देऊ? हृदय म्हटलं की धैर्य, डोळे म्हटले की दृष्टी. किडनी म्हटलं की लोकांना काहीच आठवत नाही. शिवाय माणसं उडवायला तारा नाहीत, पडदा एकच, तर मारामारी कशी दाखवायची? आणि लोक हसावेत, पण आजाऱ्याला हसू नयेत. हे सगळ्यात महत्त्वाचं.

---

रात्रपाळी

ताई, मी नर्स आहे, मडगावची. किडनी बसवलेल्या पेशंटची बरीच वर्षं देखभाल केली. आधी नाटकाच्या कामाचं सांगते.

नट किडनी म्हटलं की कमरेला मागे हात लावतात. नवी किडनी मागे बसवत नाहीत. पोटाच्या खालच्या भागात पुढून बसवतात, बहुतेक वेळा उजवीकडे, आणि जुन्या दोन्ही बहुधा तशाच आत असतात. तुम्हाला ठाऊकच आहे, पण जी मुलगी काम करील तिला आवर्जून सांगा. हात पुढे, खाली, जांघेच्या वर. बघायला आलेल्यांत एक जरी पेशंट असला तरी त्याला लगेच कळेल की ही आपली गोष्ट आहे.

कॉर्नियाचं म्हणाल तर एका माणसाचे दोन कॉर्निया बहुतेक दोन वेगळ्या माणसांना बसवतात, एकेक. म्हणजे तुमच्या नाटकात दोन भूमिका वाढतात. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. हृदय काढल्यापासून चार ते सहा तासांत बसवावं लागतं. किडनी थंडीत ठेवली तर दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकते. म्हणून तुम्हाला दीड वाजता फोन आला तरी घरातून निघून पोचायला वेळ मिळाला.

किडनी म्हटलं की काही आठवत नाही, हे मात्र मला पटत नाही. दिवसाला 180 लिटरच्या आसपास पाणी ती रक्तातून गाळते आणि त्यातलं दीड-दोन लिटर टाकते. बाकी सगळं परत. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही. रक्त तयार करायचा हुकूमही तीच हाडांना देते. किडनी थकली की तो हुकूम जात नाही, रक्त कमी पडतं. डायलिसिसवरच्या माणसाला जिना चढताना धाप लागते ती बरीचशी त्यामुळे, म्हणून तर रक्त वाढवायचं इंजेक्शन घ्यावं लागतं. शक्ती कशाला शोधता, ती आहेच.

हसण्याबद्दल. आमच्या वॉर्डात लोक खूप हसतात. खाण्यावरून सगळ्यात जास्त. शहाळं बंद, केळं बंद, त्यामुळे बेडवर पडल्या पडल्या माणसं एकमेकांना बांगड्याच्या हुमणाची, म्हणजे कालवणाची, वर्णनं ऐकवतात. एक आजोबा मशीन चालू असताना शेजारच्याला आंबट बिमलं घालून कोळंबीचं कालवण कसं करायचं ते पायरी पायरीने सांगायचे आणि चौथा तास संपायला आला की "आता वाढ" म्हणायचे. अख्खा वॉर्ड हसायचा. तसं हसू नाटकात येऊ द्या.

---

कोपरा_सीट

मी इफ्फी हा चित्रपट महोत्सव पणजीला आल्यापासून, म्हणजे 2004 पासून, एकही वर्ष चुकवलेलं नाही. ह्या जातीचे सिनेमे मला मनापासून आवडतात, म्हणून लिहितो.

'मिन्नल मुरली' बघा. मल्याळम, 2021, दिग्दर्शक बेसिल जोसेफ. खेड्यातला एक शिंपी आणि चहाच्या दुकानात काम करणारा एक माणूस, दोघांवर एकाच रात्री वीज पडते. दोघांना सारखीच शक्ती मिळते. पुढे एक नायक होतो आणि दुसरा खलनायक. पण त्या दुसऱ्याचं, शिबूचं, आयुष्य असं दाखवलंय की तुम्ही त्याचा द्वेष करूच शकत नाही. गावाने त्याला कधी माणसात धरलेलं नसतं. गुरू सोमसुंदरमने ते काम असं केलंय की मी सिनेमा संपल्यावर बराच वेळ तसाच बसून होतो. तुमच्या नाटकात खलनायक कोण ते तुम्ही लिहिलेलंच नाही. आधी त्याचा विचार करा. कुणाला तरी अवयव मिळाला नाही आणि वाट बघताना त्याचं माणूस गेलं, असा एखादा असेल तर? त्याचा राग खोटा नसेल.

दुसरं, मालेगावचं. यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख नावाचा हडकुळा तरुण तिथे सुपरमॅन झाला. फैझा अहमद खान यांनी त्या चित्रीकरणावर 2008 मध्ये माहितीपट केला. उडताना दाखवायला पैसे नाहीत, तर हिरवं कापड आणि गावातली माणसं. त्यांचा सुपरमॅन लढला तंबाखू आणि गुटख्याविरुद्ध. शफीक स्वतः पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला. मी तो माहितीपट बघतो तेव्हा दर वेळी त्याच्या खांद्यांकडे बघतो. तो झगा त्याला मोठा होतो, पण उभा राहतो तेव्हा मान ताठ असते. लोक हसतात, पण त्याला हसत नाहीत. तुम्हाला हवंय ते बहुतेक हेच.

एक मत मांडतो. शक्ती अवयवातून काढू नका, माणसाच्या रोजच्या कामातून काढा. पोदेर पहाटे चारला भट्टीपाशी असतो, सगळ्या गावाच्या आधी जागा. खलाशाला पाण्याची भरती-ओहोटी पायांना कळते. कारकुनीला कुठला कागद कुठल्या कपाटात आहे ते झोपेतही सांगता येतं. शक्ती आली की हेच वाढू दे.

---

मांद्रेचा

अबोलीताई, मारामारीचं माझ्यावर सोडा. मी पेडण्याच्या बाजूचा, घरात दशावतार आहे. माझा चुलतभाऊ दिवसा टेंपो चालवतो, काजूच्या बिया, नारळ, असेल ते भाडं. रात्री तोच भीम. संध्याकाळी सातला जेवतो, पेटाऱ्यातून रंग काढतो, आरसा गुडघ्यावर धरून स्वतःच तोंड रंगवतो. तोंडावर रंग चढला की घरची पोरं त्याला "बाबा" म्हणून हाक मारत नाहीत. सकाळी परत टेंपो. साधी माणसं सुपरहिरो होतात म्हणता, ते आमच्याकडे जत्रेच्या दिवसांत रोज रात्री होतं आणि उजाडलं की उतरतं.

स्टेजवर आमच्याकडे एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. तुम्हाला फेरीबोट पाहिजे ना? बाकडं आणि खलाशाच्या हातात दोर, बस झालं. लोक आपणहून पाणी बघतात.

लढाई पखवाजावर चालते. दोघांनी वर्तुळात फिरायचं, तलवार समेवर लागली पाहिजे, आणि मार बसण्याआधी पाय आपटायचा. कान आधी पाय ऐकतो, डोळे मग हात बघतात, त्यामुळे लागल्यासारखं वाटतं. झांज वाजवणाऱ्याची नजर नटाच्या पायावर पाहिजे, पखवाजावर नव्हे. ही एक गोष्ट चुकली तर सगळी मारामारी पोरखेळ दिसते.

आणि हसवायचं असेल तर संकासूर आठवा. काळे कपडे, लाल जीभ बाहेर, वेद चोरून नेणारा. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. तो भटजीशी आपल्या बोलीत वाद घालतो तेव्हा म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावतात. आमच्यात लिहिलेले संवाद नसतात. मालक आधी कथा सांगतो, कोण काय ते ठरतं, बाकी रंगमंचावर. तुम्ही सगळं लिहून काढू नका, पोदेराला थोडं मोकळं सोडा. तुमच्या फोंड्यात शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणात, वीरभद्राचा वेश घेतलेला माणूस निघतो ना, दोन्ही हातांत तलवारी घेऊन? त्या माणसाचे डोळे तेव्हा कसे असतात ते तुमच्या नटांना बघून यायला सांगा.

---

विहिरीकाठ

मी इथे लिहीत नाही, वाचतो फक्त. आज लिहितो.

माझ्या धाकट्या भावाचे अवयव आम्ही दिले. अपघात झाला, डोक्याला मार. डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याची तपासणी दोनदा केली, मध्ये सहा तास गेले. ते सहा तास आई अतिदक्षता विभागाबाहेर एका बाकावर बसून होती आणि तिने एकच विचारलं, त्याला थंडी वाजत असेल का. त्याचा हात गरम होता. छाती वरखाली होत होती. ते बघून "हो" म्हणायला किती कठीण जातं ते सांगता येत नाही. त्याच्या बायकोने सही केली.

कुणाला काय गेलं ते आम्हालाही सांगितलेलं नाही.

ताई, माझी एकच विनंती. सिनेमात देणारा माणूस अफाट शक्तीचा आहे. तुमच्या नाटकात तसा करू नका. माझा भाऊ मोटारसायकल पायलट होता, म्हणजे भाडं घेऊन माणसांना गाडीवरून सोडणारा, स्टँडवर उभा राहायचा. पिवळा मडगार्ड. पाठीमागे बसणाऱ्याने नुसतं वाड्याचं नाव सांगायचं, तो घराच्या दारात नेऊन सोडायचा. कुठल्या घरी कुत्रा आहे, कुठल्या घरी म्हातारी एकटी आहे, सगळं त्याला ठाऊक. रात्री उशिरा बस चुकलेल्या बाईला घरी सोडलं की दार उघडून आत दिवा लागेपर्यंत गाडी वळवायचा नाही. हे मला तो गेल्यावर त्या बायकांनी सांगितलं.

---

रात्रपाळी

विहिरीकाठ भाऊ, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

आणि सगळ्यांना हात जोडून सांगते, इथे तारखा, महिना, हॉस्पिटल कुणी लिहू नका. विचारूही नका. नावं गुप्त ठेवायची पद्धत दोन्ही घरांच्या भल्यासाठी आहे. मनात येईल ते मनात राहू द्या.

---

अबोली_फोंडा

दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

रात्रपाळीताई, विचारणार नाही. तुमचं म्हणणं कळलं आणि पटलं.

विहिरीकाठ, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती देवापुढे जाऊन बसली. मी तीन वर्षं दर गणेश चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळांची मांडणी, बांधताना मला किडनी देणाऱ्या माणसाची आठवण काढते. माटोळीत पपनस असतं, मला ते चालत नाही, गोळ्यांशी जमत नाही. लहानपणी मला सगळ्यात आवडायचं. ते बांधताना वाटतं, हे त्याच्या नावाचं. नाव ठाऊक नसताना एवढंच करता येतं.

नाटकाचं सांगते. कालपर्यंत लिहिलेलं बाजूला ठेवलं. देणारा आता पायलट आहे. अफाट काही नाही, पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल आणि गावोगावच्या वाटा. म्हणजे चौघांना त्याच्याकडून तेच मिळणार जे त्याच्याकडे होतं. पोदेराला त्याची शीळ. खलाशाला त्याचे हात, कुठलंही बंद पडलेलं इंजिन चालू करणारे. कारकुनीला त्याची जीभ. वाईट नाही, पण समोर कुणीही असला तरी खरं बोलणारी, आणि ती नेमकी रविवारच्या ग्रामसभेत सुटते. हसू तिथे येईल. डोंगर कापायचा ठराव वाचायला ती उभी राहते, आणि कागदावर नसलेलंही सगळं वाचून दाखवते.

आणि बालवाडीची बाई. ती घर, देऊळ आणि बालवाडी एवढीच फिरलेली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा बाहेर पडते आणि तिला सगळ्या घरांच्या वाटा ठाऊक असतात. जिथे ती कधी गेली नाही तिथल्याही. कुणाच्या दारात कुत्रा आहे, कुठल्या घरी म्हातारी एकटी आहे. पहिल्यांदा तिला ही शक्ती वाटतच नाही, विसरभोळेपणाच्या उलट काहीतरी झालंय असं वाटतं. बाकीचे तिघे स्टेजवर धिंगाणा घालत असताना ही नुसती सांगत असते, इकडून नको, तिकडून. आणि शेवटच्या लढाईत काळोख झाल्यावर सगळ्यांना घरी पोचवणारी तीच. कोपरा_सीट, खलनायकाचं तुमचं म्हणणं घेतलं. त्यालाही ती घरी सोडते. आत दिवा लागेपर्यंत थांबते.

रात्रपाळीताई, तिचा हात पुढेच राहील, जांघेच्या वर. आणि वॉर्डातला तो कालवणाचा प्रसंग मला द्या, आजोबांसकट.

मांद्रेचा, काळोखातली लढाई पखवाजावर करता येईल का? दिसणार काहीच नाही, नुसते पाय आणि झांज. तुमच्या भावाला एक दिवस फोंड्याला यायला जमेल का, भाडं नसेल तेव्हा?

विहिरीकाठ, हे सगळं तुमच्या परवानगीने. तुम्ही नको म्हणालात तर पायलट काढते आणि दुसरं शोधते. राग येणार नाही.

---

मांद्रेचा

काळोखातली लढाई दिव्यातल्यापेक्षा सोपी, फक्त नटांनी आधी दिवसा वीस वेळा केली पाहिजे, नाहीतर खरंच लागतं. तलवारी हलक्या लाकडाच्या घ्या, पांगारा चालतो, लोखंडाच्या अजिबात नको. भाऊ सोमवारी मोकळा असतो. पखवाजवाला पण घेऊन येतो, त्याचं जेवण तेवढं बघा.

---

विहिरीकाठ

आईला विचारलं. दोनदा वाचून दाखवायला सांगितलं. दुसऱ्यांदा दिवा लागेपर्यंत थांबते तिथे मला थांबवलं आणि म्हणाली, हे तो करायचाच.

मडगार्ड घरी आहे. गाडी गेली, तो मी काढून ठेवला होता, माडीवर, पोत्यात गुंडाळून. एका बाजूला चेपलाय आणि पिवळा रंग जरा उडालाय. रंगवू नका म्हणते आई. सोमवारी घेऊन येतो. फोंड्याला कुठे यायचं तेवढं कळवा.